रोगशय्येवरील रेषा आणि सूर

इंदूरहून आग्र्याकडे जाणारा रस्ता धरला, की तासाभरात देवीची टेकडी दिसू लागते आणि देवास गाव येते. १९४८ च्या जानेवारीअखेर या गावी एक तेवीस वर्षांचा रुग्ण हवापालटासाठी येऊन राहिला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच मुंबईच्या संगीत परिषदेत भल्याभल्यांना थक्क करून सोडणारा आणि पुढे प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या विद्यालयात तयार झालेला हा गायक म्हणजे शिवपुत्र कोमकळी, अर्थात कुमार गंधर्व. दुखणे क्षयाचे होते. गवयाला फुप्फुसाचा क्षय व्हावा, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. मोठ्याने बोलणेही वर्ज्य ठरले. माळव्याची कोरडी हवा आणि थंड, सुखद रात्री मानवतील एवढ्या आशेवर बिऱ्हाड मांडले गेले. पुढली जवळजवळ पाच वर्षे त्या बिऱ्हाडाचा सारा व्यवहार एका खाटेभोवती फिरत होता.

त्या खाटेची कल्पना आज करणे कठीण आहे. क्षयावर नेमके औषध हाती येण्यापूर्वी पाचगणीला काय, मिरजेला काय किंवा स्वित्झर्लंडातील डोंगरांत काय, उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती असे. रोग्याची खाट मोकळ्या हवेत टाकावयाची, दूध-अंडी द्यावयाची, उष्णतामान टिपून ठेवावयाचे. फार झाले तर छातीच्या पोकळीत सुईने हवा भरून दुखरे फुप्फुस मिटवून ठेवावयाचे. हे महिनोन्‌महिने चाले, वर्षानुवर्षे चाले. शरीराला हलावयाची बंदी आणि मनाला मात्र काहीच काम नाही, अशी ही अवस्था. क्षयाने माणसे मरत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. परंतु मरणाची वाट पाहता पाहता ती खचून जात, याकडे लक्ष देणारे थोडे.

ते लक्ष ज्या थोड्यांनी दिले, त्यांत एक इंग्रज चित्रकार होता. एड्रियन हिल हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात खंदकांतील दृश्ये टिपण्यासाठी सरकारने नेमलेल्या चित्रकारांपैकी तो एक. १९३८ मध्ये त्याला क्षय झाला आणि ससेक्स परगण्यातील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात त्याची रवानगी झाली. तेथे पडल्या पडल्या त्याने उशाजवळच्या वस्तू रेखाटण्यास आरंभ केला. औषधाची बाटली, फुलदाणी, खिडकीची चौकट, असे जे समोर दिसेल ते. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आले, की चित्र काढीत असताना आपण रोगी आहोत याचा विसर पडतो, आणि तो विसर चित्र संपल्यावरही काही काळ टिकतो. पुढे आरोग्यधामाच्या चालकांनी इतर रोग्यांनाही शिकवण्याची विनंती त्याला केली. त्यांत युद्धातून जखमी होऊन आलेले सैनिक होते, आणि जन्मात कधी कुंचला न धरलेली माणसेही होती. १९४२ मध्ये हिलने या उद्योगाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘कलोपचार’ म्हणता येईल. १९४५ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच ‘कला विरुद्ध आजार’ असा आहे. मनाच्या आजारांसाठी आज जो उपचार प्रामुख्याने ओळखला जातो, त्याचे नामकरण मुळात छातीच्या रोग्यांमध्ये झाले, ही गोष्ट थोडी नवलाची खरी. पण ज्याने क्षयाची खाट पाहिली आहे, त्याला ती नवलाची वाटणार नाही.

देवासच्या खाटेवर मात्र कागद नव्हता आणि कुंचलाही नव्हता. तेथे होते ते फक्त कान. ज्याच्या गळ्याला बंदी आहे, अशा गवयाने करावयाचे काय? कुमार गंधर्व ऐकू लागले. वाटेने जाणाऱ्या बायकांच्या तोंडची लग्नाची आणि ऋतूंची माळवी गाणी, दारोदार भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, असे जे जे कानी पडे ते ते त्यांच्या मनात साठत गेले. शास्त्रीय संगीताच्या घरंदाज मैफलीत ज्या सुरांना कोणी पाटावर बसू दिले नसते, ते सूर या काळात एका तालीमदार गवयाने पहिल्यांदा सवडीने न्याहाळले. एखाद्या लोकधुनेत स्वर किती थोडे असतात, आणि त्या थोड्या स्वरांत एका रागाचे बीज कसे लपलेले असते, याचा शोध त्यांनी घेतला. संजारी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे त्यांचे धुनउगम राग या शोधातून उगवले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथाने त्यांच्या रचना वाचकांसमोर आल्या. आजारात गेलेली वर्षे त्यांच्या कलाजीवनातून वजा करावी, असे कोणाही जाणत्या रसिकाला वाटणार नाही.

येथे एक मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. संगीताने कुमारांचा क्षय बरा केला, असे म्हणावयाचा तो मोह. गोष्ट सांगावयास ती सुंदर आहे, पण खरी नाही. क्षय हटला तो स्ट्रेप्टोमायसीनने. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले. कुमार देवासला आले त्याच १९४८ साली, ऑक्टोबर महिन्यात, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात क्षयाचे १०७ रोगी होते. कोणाला औषध मिळावे आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते आणि नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. आधुनिक वैद्यकात औषधाची परीक्षा घेण्याची जी रीत रूढ झाली, तिचा पाया या प्रयोगाने घातला. हिंदुस्थानात हे औषध सुलभ होता होता काही वर्षे गेली. ते कुमारांना मिळाले, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा श्रोत्यांसमोर बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. त्यांच्या गाण्यातील छोटे, धारदार स्वरसमूह हे या अधुऱ्या श्वासाचे फळ, असे पुष्कळदा सांगण्यात येते. त्यात तथ्य असेल. पण ज्याने पाच वर्षे थोड्या स्वरांच्या लोकधुनांचा ध्यास घेतला, त्याने संक्षेप फक्त श्वासाच्या धाकाने पत्करला, असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीवर अन्याय करणे होय.

मग कलेने केले काय? औषधाने देह वाचविला. परंतु वाचलेला देह उठून मैफलीत बसला, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही नवे होते. पाच वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर माणूस आंबून, कडवट होऊन उठता, तर त्यालाही ‘बरा झाला’ असेच म्हटले गेले असते. कलोपचाराचे क्षेत्र या दोन बरे होण्यांच्या मधल्या फटीत आहे.

अर्थात कुमार गंधर्व हे कुमार गंधर्व होते. असामान्य प्रतिभेच्या माणसाच्या उदाहरणावरून सामान्य रोग्याला काय मिळणार? ‘मला चित्र येत नाही,’ ‘मला गाता येत नाही,’ असे जो प्रामाणिकपणे म्हणतो, त्याच्यासाठी या उपचारात काय आहे? या प्रश्नाचे उत्तर कुमारांच्याच मित्रमंडळात सापडते, आणि त्यासाठी देवासहून इंदूरला परत यावे लागते.

होळकरांच्या इंदुरात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकला शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे या शाळेतले, मकबूल फिदा हुसेन यांनी आरंभीचे धडे गिरवले तेही येथेच. विष्णू चिंचाळकर हेही देवळालीकरांचेच शिष्य. १९१७ मध्ये जन्मलेले आणि २००० पर्यंत जगलेले चिंचाळकर इंदूरकरांचे ‘गुरुजी’ होते. कुमार गंधर्व, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, रंगकर्मी बाबा डिके आणि गुरुजी ही चौकडी माळव्याच्या सांस्कृतिक जीवनात प्रसिद्ध आहे. रंग-कुंचल्याने पुरेसे नाव मिळवल्यावर गुरुजींनी ते रूढ साधन हळूहळू बाजूला ठेवले आणि वाळलेली पाने, काटक्या, झाडाच्या साली, दगडगोटे, घरात टाकून दिलेल्या वस्तू यांना हात घातला. एका सुकून वळलेल्या पानात त्यांना पक्षी दिसे, फांदीच्या बेचक्यात नाचणारा माणूस दिसे. आणि जे त्यांना दिसे ते अगदी थोड्या फेरफाराने दुसऱ्यालाही दिसू लागे. मुलांना ते हेच शिकवीत.

चिंचाळकर हे काही उपचारक नव्हेत. त्यांची ओळख चित्रकाराची आणि शिक्षकाची. तरीही कलोपचाराची पहिली अट त्यांच्या पानांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी जाड पुस्तकांत दिसत नाही. पान कोणी चुकीचे काढू शकत नाही. ते आधीच काढलेले असते. पाहणाऱ्याने त्यात काय आहे एवढेच ओळखावयाचे. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला ज्याच्या वहीवर लाल रेघ ओढली गेली, आणि ‘हे काम आपले नव्हे’ असे ज्याने त्या दिवशी ठरवून टाकले, त्या माणसाची भीती अशा ठिकाणी गळून पडते. ही भीती गळाल्यावाचून उपचाराला प्रारंभच होत नाही.

प्रत्यक्ष उपचाराची खोली अगदी साधी असते. कागद, खडू, पाण्याचे रंग, शाडूची माती, कात्री, डिंक, जुन्या मासिकांतली चित्रे. वार आणि वेळ ठरलेली. कारण ज्याचे सारे आयुष्य अस्ताव्यस्त झाले आहे, त्याला निदान एक तास तरी ठरल्या जागी सापडावा लागतो. उपचारक शिकवीत नाही, सुधारीत नाही, आणि विशेष म्हणजे फारशी वाहवाही करीत नाही. वाहवा झाली की रोगी दुसऱ्याच्या पसंतीचे चित्र काढू लागतो. उपचारकाचे कौशल्य साधनाच्या निवडीत दिसते. पेन्सिल माणसाचे ऐकते आणि पुसताही येते. म्हणून ज्याला सगळे निसटून चालल्यासारखे वाटते, त्याच्या हाती आधी पेन्सिल द्यावी. पाण्याचा रंग ऐकत नाही, पसरतो. ज्याने स्वतःला घट्ट आवळून ठेवले आहे, त्याला तो सैल करतो, मात्र हा रंग फार लवकर दिला तर रोगी बावरतो. मातीला ठोसा मारता येतो, ती मोडता येते आणि मोडून पुन्हा घडवता येते. संतापाला एवढे सहनशील भांडे दुसरे नाही. काढलेले प्रत्येक चित्र तारीख घालून जपून ठेवले जाते. तीन महिन्यांनी ती चित्रे ओळीने मांडली, की रोग्याला स्वतःचा प्रवास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि ही गोष्ट तोंडी दिलाशाने होत नाही. शिवाय चित्र मध्ये असले, म्हणजे दोन माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागत नाही. दोघेही चित्राकडे पाहून बोलतात. लाजाळू माणसाला, अपराधी वाटणाऱ्या माणसाला, बालपणी कोणी छळलेल्या माणसाला ही सवलत फार मोठी असते.

नेमका गुण कशात, याविषयी मात्र या शास्त्राच्या प्रवर्तकांत आरंभापासून मतभेद आहेत. न्यूयॉर्कच्या मार्गारेट नॉमबर्ग यांनी १९४० नंतरच्या दशकात असे मांडले, की चित्र हे अबोल मनाचे बोलणे आहे. रोग्याने ते काढावे आणि मग त्याविषयी बोलावे, त्या बोलण्यातून गाठ सुटते. एडिथ क्रेमर यांचे म्हणणे वेगळे. काढण्याच्या क्रियेतच औषध आहे. चित्र मनासारखे जमण्यासाठी जी धडपड होते, तिच्यात रानटी भावनेला आकार येतो, असे त्या म्हणत. क्रेमर यांच्या या मताला एक भयंकर पार्श्वभूमी आहे. प्रागमध्ये त्या ज्यांच्यापाशी शिकल्या, त्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांना नाझींनी १९४२ च्या डिसेंबरात टेरेझीनच्या छावणीत डांबले. छावणीत त्यांनी शेकडो मुलांना मिळेल त्या कागदावर चित्रे काढावयास शिकवले. १९४४ च्या ऑक्टोबरात ऑशविट्झला पाठवणी होण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून दडवून ठेवली. बाई परत आल्या नाहीत. त्या मुलांपैकीही बहुतेक परतली नाहीत. चित्रे मात्र आजही प्रागच्या संग्रहालयात आहेत. त्यांत फुले आहेत, घरे आहेत, टेबलावर मांडलेले जेवण आहे. या मुलांना कोणता ‘गुण’ आला, असे विचारण्याचा धीर कोणाला होईल?

तरीही शास्त्राने तो प्रश्न विचारलाच पाहिजे. स्ट्रेप्टोमायसीनला जी चिठ्ठ्यांची कसोटी १९४८ मध्ये लावली गेली, तीच कलोपचाराला लावण्याचा एक मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला, आणि त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेच्या ४१७ रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या औषधांच्या जोडीला वर्षभर दर आठवड्यास सामुदायिक चित्रोपचार, काहींना इतर करमणुकीचे गट आणि काहींना नुसती नेहमीची औषधे, अशी वाटणी झाली. दोन वर्षांनी तपासले तेव्हा रोगाच्या लक्षणांत किंवा दैनंदिन व्यवहारात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. कलोपचाराच्या अभिमान्यांना हा निष्कर्ष झोंबला. पण तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. त्याच अहवालातील आणखी एक आकडा विचार करावयास लावतो. चित्रोपचार ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्यापैकी जवळजवळ चाळीस टक्के रोगी एकदाही त्या खोलीत गेले नाहीत. इंजेक्शन दंडात टोचले की ते आपले काम करते. त्याला रोग्याच्या इच्छेची गरज लागत नाही. कुंचला मात्र रोग्याने स्वतःच्या हाताने उचलावा लागतो. चिठ्ठी टाकून ज्याच्यावर तो सोपवला, त्याने तो उचललाच नाही, तर दोष कुंचल्याचा की चिठ्ठीचा, हे ठरवणे सोपे नाही.

म्हणून कलोपचार कोणाला उपयोगी, याचे उत्तर मर्यादेनेच द्यावे लागते. पक्षाघाताने ज्याची वाचा गेली आहे, त्याला शब्दांवाचून व्यक्त होण्याची वाट मिळते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला मुलाचे नाव आठवत नाही, पण रांगोळीचे ठिपके जोडणारा हात पुष्कळदा शाबूत असतो. भूकंप, दंगल किंवा घरातला अत्याचार पाहिलेल्या मुलापाशी त्या प्रसंगाचे शब्दच नसतात. त्याच्यासाठी खडू हे पहिले साधन. कर्करोगाच्या दीर्घ उपचारांतून जाणाऱ्यांची अवस्था तर मिडहर्स्टच्या खाटेवरील हिलसारखीच असते. अमेरिकेत २०१६ मध्ये ३९ निरोगी प्रौढांना पाऊण तास मोकळेपणी चित्र, माती, कातरकाम करू दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेत ताणाशी संबंधित अशा कॉर्टिसॉल द्रव्याचे प्रमाण घटलेले आढळले. आणि पूर्वी चित्रकलेचा सराव असल्या-नसल्याने त्यात फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या प्रयोगाची उणीव लक्षात ठेवूनही हे निरीक्षण ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्यांना धीर देणारे आहे.

मात्र ज्याला औषधाची गरज आहे त्याने रंगपेटी घेऊन औषध सोडणे, ही निव्वळ आत्मघातकी गोष्ट होय. दुसरा धोका हौशी अर्थ लावणाऱ्यांचा. मुलाने सूर्य काळा काढला, की त्याचे मन काळवंडले असे निदान करणारे पंडित हल्ली ठायी ठायी भेटतात. कदाचित पेटीतला पिवळा खडू संपलेला असेल! इंग्लंडातील नेदर्न येथील मनोरुग्णालयात १९४६ मध्ये एडवर्ड अ‍ॅडमसन हा चित्रकार नेमला गेला, तेव्हा डॉक्टरांना रोग्यांच्या चित्रांतून रोगाचे ज्ञान हवे होते. अ‍ॅडमसनने मात्र अर्थ लावण्याचे टाळले. तो खोली उघडी ठेवी, कागद मांडून ठेवी आणि रोग्यांच्या सोबतीला बसून राही. चित्राचा अर्थ सांगावयाचाच असेल, तर तो काढणाऱ्याने सांगावा. ऐकणाऱ्याने घाई करू नये. याला शिक्षण लागते, कारण दाबून ठेवलेले दुःख वर आले, की ते सावरणारा माणूस समोर हवा. दोन दिवसांच्या शिबिरात ही तयारी होत नाही.

देवासच्या हकिकतीत हा समोरचा माणूस कोण होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. कुमारांच्या पत्नी भानुमती या स्वतः गाणे शिकलेल्या होत्या. देवधरांच्या विद्यालयातच दोघांची ओळख झाली आणि १९४७ मध्ये विवाह झाला. वर्षही पुरते सरले नाही, तोच त्यांच्या वाट्याला शुश्रूषा आली. देवासमध्ये शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी संसार चालवला, पथ्यपाणी सांभाळले आणि स्वतःचे गाणे मागे ठेवले. खाटेवरून उमटणारी अस्फुट गुणगुण ऐकून त्यात काय घडते आहे हे ओळखणारे कान त्या घरात होते, ते त्यांचे. कुमार १९९२ पर्यंत गात राहिले. भानुमतीबाई १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी निवर्तल्या. पुढे कित्येक मैफलींतून रसिकांनी ज्या माळवी धुना डोळे मिटून ऐकल्या, त्यांच्या पहिल्या श्रोत्या त्या होत्या.